माझा विषयच चुकला

"माझा विषयच चुकला," माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत टेकता टेकताच ती म्हणाली. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती, सोबत वडील. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) बाहेर बसून तिने माहितीचा फॉर्म नीट भरला होता, फक्त सातवा प्रश्न कोरा सोडला होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

वडिलांची काळजी सरळ होती. पदवीनंतर पुढे काय? लोक विचारतात, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर का?" तिचं दुखणं निराळं होतं. मैत्रिणी तिच्यापाशी मन मोकळं करायच्या, "तू किती छान ऐकून घेतेस" म्हणायच्या, म्हणून तिने हा विषय घेतला. पदरात काय पडलं, तर संख्याशास्त्र: प्रमाण विचलन, सहसंबंध, शून्य परिकल्पना. "यात माणसं कुठे आहेत, मॅडम?"

आधी वडिलांचा घोळ सोडवला. मानसोपचारतज्ज्ञ आधी वैद्यकाची पदवी घेतो, मग मनोविकारांचं विशेष शिक्षण. औषधं तो देतो. मानसशास्त्रज्ञाची वाट वेगळी, पण तीही आखूड नाही. बहुतेक ठिकाणी नुसत्या पदवीवर उपचार करता येत नाहीत. पदव्युत्तर शिक्षण, जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि बऱ्याच देशांत नोंदणी किंवा परवाना लागतो. "म्हणजे अजून कितीतरी वर्षं!" वडील म्हणाले. उपचारच करायचे असतील तर हो. हे मी कधी गोड करून सांगत नाही.

मग मी नेहमीची चूक केली. यादी म्हणून दाखवली: शाळेतलं समुपदेशन, कंपन्यांतली निवड आणि प्रशिक्षण, ग्राहक संशोधन, क्रीडा मानसशास्त्र, न्यायालयीन काम, अॅप वापरणाऱ्यांचा अभ्यास. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि चेहरा आणखीच उतरला. यादीने कुणाची काळजी मिटलेली मला आठवत नाही, तरी जीभ दरवेळी तिकडेच वळते.

दुसऱ्या भेटीला ती एकटी आली. मी तिला प्रात्यक्षिकांचं जर्नल आणायला सांगितलं होतं. त्यात स्मृतीचा प्रयोग होता. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले निरर्थक अक्षरगटांचे प्रयोग 1885 मध्ये छापले. विसरणं आधी झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, हे त्याने दाखवलं. वर्गाने त्याचीच छोटी आवृत्ती केली होती. तक्ता, आलेख, निष्कर्ष सगळं जागच्या जागी. पण शेवटच्या पानावर पेन्सिलीने बरंच काही खरडलेलं होतं. तिने आपल्या सहभागींना "आठवतील तेवढे लिहा" असं सांगितलं होतं, जोडीदारणीने "सगळे आठवून लिहा" असं. जोडीदारणीच्या कागदांवर चुकीचे, मनचेच अक्षरगट जास्त होते. तिने ते एकेक करून मोजले होते.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"कुणीच नाही. त्याला मार्क नव्हते."

मग मी तिला एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांच्या 1974 च्या प्रयोगाची आठवण करून दिली. अभ्यासक्रमात तो होताच. अपघाताच्या त्याच चित्रफिती, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना "लागल्या" असं विचारलं तेव्हा वेगाचा अंदाज सरासरी ताशी 32 मैलांच्या आसपास. "चक्काचूर होऊन आदळल्या" म्हटलं तर 41 च्या आसपास. प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा, याची चर्चा अशा प्रयोगांनी बदलली.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण माझे सहभागी होते बाराच. माझा फरक योगायोगाचाही असू शकतो ना? ते कसं ठरवणार?" आणि स्वतःच हसली. त्यालाच तर संख्याशास्त्र म्हणतात.

ऐकून घेण्याची आवड खोटी होती, असं मी म्हणणार नाही. पण मैत्रिणीचं ऐकणं आणि रोज सहा अनोळखी माणसांचं ऐकणं यांत फार अंतर आहे. देखरेख आणि प्रशिक्षण असलेल्या एखाद्या हेल्पलाइनवर सहा महिने काम करून बघ, एवढंच सांगितलं. तो दरवाजा बंद करायची घाई नव्हती.

तिसऱ्या भेटीत वडील पुन्हा आले. ते कारखान्यात यंत्रावर काम करतात. त्यांना मी दुसऱ्या महायुद्धातल्या बी-17 या अमेरिकन बाँबफेकी विमानांची गोष्ट सांगितली. उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटवायला जायचे आणि चुकून चाकंच आत घ्यायचे. दोन्ही खटके शेजारी, दिसायला सारखे. अल्फॉन्स शपानिस या मानसशास्त्रज्ञाने दोष वैमानिकाचा न मानता खटक्यांचा मानला. एकावर चाकासारखी रबरी मूठ बसवली, दुसऱ्यावर पाचरीसारखी. न बघताही हाताला कळायला लागलं.

"आमच्याकडेही दोन बटणं अशीच आहेत," वडील म्हणाले. "नव्या पोराला बोलणी बसतात." मग लेकीकडे वळून, "हे तुमच्यात शिकवतात?"

"पुढच्या वर्षी ऐच्छिक आहे, बाबा."

पुढचं अजून ठरलेलं नाही. तो ऐच्छिक विषय तिने घेतलाय, हेल्पलाइनचं प्रशिक्षणही चालू आहे. त्या दिवशी निघताना दारातून परत फिरली. "मॅडम, तुमच्या फॉर्ममधला सातवा प्रश्न. 'झोप आणि भूक कशी आहे?' माझी झोप उडाली होती, भूक चांगली होती. लिहू काय?"

त्या रात्री मी जुने फॉर्म काढून बसले. सातव्या प्रश्नापुढे बहुतेकांनी 'ठीक' लिहिलं होतं.

आता फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढलाय.