विचारा बिनधास्त: रंग स्टीलचा, वजन पाण्याचं

प्रश्न: ताई, मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या शॉपमध्ये डिझाईनला आहे. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ब्रॅकेटला पॉलिश्ड स्टीलचा लूक दिला, स्क्रीनवर एकदम खरा दिसतो, पण मास प्रॉपर्टीज (पार्टचं वजन दाखवणारी खिडकी) उघडलं की वजन भलतंच कमी येतं. साहेब त्या आकड्यावर कोटेशन काढायला बसलेत. काय गडबड असेल?
(वाचक, भोसरी)

उत्तर: आधी साहेबांना थांबवा, बाकीचं मग!
तुम्ही जे दिलंय ते अपिअरन्स, म्हणजे नुसता वरचा लूक, मटेरियल नाही. काजूकतलीवर चांदीचा वर्ख आहे म्हणून लक्ष्मी रोडवरचा सराफ ती तोळ्यावर विकत घेणार नाही ना, तसंच आहे हे. पार्टला मटेरियल दिलेलंच नसेल तर सॉलिडवर्क्स आपलं गुपचूप 1000 किलो प्रति घनमीटर डेन्सिटी धरतं, म्हणजे चक्क पाण्याची. 100 बाय 100 बाय 10 मिमीची साधी प्लेट काढून बघा, व्हॉल्यूम 100 घन सेंटीमीटर आणि वजन 100 ग्रॅम दाखवेल, तीच प्लेट एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची असेल तर 785 ग्रॅम भरते. जवळजवळ आठपट फरक. म्हणून मी तर कुणाचाही पार्ट हातात आला की पहिलं हेच बघते, ग्रॅममधलं वजन आणि घन सेंटीमीटरमधलं व्हॉल्यूम सेम टू सेम असेल तर समजायचं की मटेरियल द्यायचं राहिलंय.
द्यायचं कसं, तर डावीकडे फीचर ट्रीमध्ये मटेरियल लिहिलंय तिथे राइट क्लिक, एडिट मटेरियल, हवं ते निवडा, अप्लाय. मटेरियलसोबत त्याचा लूकही येतो, तो नको असेल तर त्याच खिडकीत अपिअरन्सची टिक काढून टाका.
आणि "लोखंडच आहे, काहीही दिलं तरी चालतं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ग्रे कास्ट आयर्नची डेन्सिटी साधारण 7200, एमएसची 7850. कास्ट आयर्नच्या मशीन बेडला चुकून एमएस दिलं तर वजन 9 टक्के जास्त दिसतं, आणि कास्टिंगचा भाव किलोवर असतो हे तुमच्या साहेबांना मी सांगायला नकोच.
अजून एक बघा, मास प्रॉपर्टीजमध्ये ओव्हरराइड म्हणून बटण असतं, त्याने वजनाचा आकडा हाताने टाकता येतो. मोटर, बेअरिंग असल्या विकत आणलेल्या गोष्टींना कॅटलॉगमधलं वजन तिथे टाकता येतं, त्यासाठी ते उत्तम. पण स्वतः बनवायच्या पार्टला कुणीतरी घाईत ओव्हरराइड मारून ठेवलेलं असलं की नंतर तुम्ही मटेरियल दहा वेळा बदला, आकडा ढिम्म हलत नाही.

प्रश्न: सॉलिडवर्क्समध्ये पूर्ण पार्टला राखाडी रंग दिला तरी दोन फेस (पृष्ठभाग) पिवळेच राहतात. मॉडेल एका व्हेंडरकडून आलंय. असेंब्लीत (सगळे पार्ट जोडलेल्या मॉडेलमध्ये) टाकलं तर अख्खा पार्ट निळा! वैताग आलाय.
(वाचक, चाकण)

उत्तर: वैतागू नका, सॉफ्टवेअरच्या लेखी इथे मानपान ठरलेला आहे. पार्टच्या रंगावर बॉडीचा चालतो, बॉडीवर फीचरचा, फीचरवर फेसचा, आणि असेंब्लीत कंपोनंटला दिलेला रंग या सगळ्यांच्या वर. तुमचा राखाडी सगळ्यात खाली बसलाय, तो पिवळ्याला काय हलवणार. त्या फेसवर क्लिक करा, छोटा टूलबार येतो त्यात रंगीत गोळ्याचा मेनू उघडा, फेस, फीचर, बॉडी, पार्ट एकाखाली एक दिसतील, फेससमोरची लाल फुली मारली की काम झालं. निळ्यासाठी हेच असेंब्लीत जाऊन करायचं.
पण थांबा, उडवायच्या आधी व्हेंडरला एक फोन करा. बऱ्याच ठिकाणी कास्टिंगच्या मॉडेलवर मशिनिंग होणारे फेस मुद्दाम वेगळ्या रंगाचे ठेवतात, म्हणजे कुठे जादा मटेरियल ठेवायचं ते पॅटर्नवाल्याला (कास्टिंगच्या साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याला) बघताक्षणी कळतं. तुमचा पिवळा तसला असेल तर त्याला हात लावू नका. उलट स्टेप फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मॉडेलची फाइल) पुढे पाठवताना तिचा एपी 214 हा प्रकार निवडा, एपी 203 मध्ये सेव्ह केली की रंग गळून जातात आणि मग पलीकडचा माणूस सगळा करडा ठोकळा बघत बसतो. मटेरियलचं नाव मात्र ड्रॉइंगवर लिहाच, स्टेपच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न: डिप्लोमाचा प्रोजेक्ट आहे, शाफ्ट ईएन 8 या स्टीलचा. सॉलिडवर्क्सच्या मटेरियल लायब्ररीत ईएन 8 सापडत नाही आणि तिथलं काही एडिटही होत नाही.
(विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर: तयार लायब्ररीला कुलूपच असतं रे, ते बरंच आहे. एआयएसआय 1045 हे स्टील जवळचं आहे, त्यावर राइट क्लिक करून कॉपी मार, खाली कस्टम मटेरियल्समध्ये स्वतःची कॅटेगरी बनवून तिथे पेस्ट कर, नाव बदल आणि आकडे भर. डेन्सिटी 7850, इलॅस्टिक मॉड्युलस (स्टीलचा ताठपणा) 205 ते 210 गिगापास्कलच्या दरम्यान. यील्ड (ज्या ताणानंतर स्टील कायमचं वाकतं तो आकडा) मात्र नेटवरून उचलू नकोस, ईएन 8 चं यील्ड बारच्या जाडीवर आणि हीट ट्रीटमेंटवर बदलतं, ज्याच्याकडून बार घेशील त्याच्याकडून टेस्ट सर्टिफिकेट माग आणि तोच आकडा टाक.
व्हायवात हमखास विचारतील ते आत्ताच सांगते. शाफ्ट जास्त वाकतोय म्हणून ईएन 8 चा ईएन 24 (जास्त ताकदीचं स्टील) केला तर डिफ्लेक्शन, म्हणजे वाकणं, जवळपास तेवढंच येईल, कारण मॉड्युलस दोघांचा जवळजवळ सारखाच. ताकद वाढते, पण वाकणं कमी करायचं तर व्यास वाढव, नाहीतर बेअरिंग जवळ आण.

प्रश्न: फ्यूजन या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्येही लूक आणि मटेरियलचा हाच घोळ आहे का?
(वाचक, हडपसर)

उत्तर: तिथेही दोन वेगळे कप्पे आहेत, फिजिकल मटेरियल आणि अपिअरन्स. फिजिकल मटेरियल बदललं की वजन आणि लूक दोन्ही बदलतात, अपिअरन्स बदललं की फक्त लूक. म्हणून आधी मटेरियल, मग रंगरंगोटी. फुकटातलं सॉफ्टवेअर हवं असेल तर फ्रीकॅड बघा, नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 आलं त्यातही मटेरियल आणि अपिअरन्स वेगवेगळे देता येतात.