त्या गड्याचं काय?

*ताई, दोडामार्गकडे आमची काजूची बाग आहे. माकडताप पुन्हा आला तेव्हापासून घरात दिवसभर बातम्या चालू असतात. सासूबाई मुलांना अंगणातही सोडत नाहीत. हे म्हणतात, सगळे मुंबईला भावजींकडे जाऊ. परवा बागेत एक माकड मेलेलं सापडलं, पण गाव टीव्हीवर नको म्हणून ह्यांनी गड्याकडून ते गुपचूप पुरून घेतलं. ह्यांचं हे टीव्हीचं वेड कसं सोडवू? – एक सून*

टीव्हीचं नंतर बघू. तो गडी कसा आहे?

तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, मुलं आहेत, मुंबईचे भावजी आहेत. ज्याने ते माकड हाताने उचललं, तो घरी गेल्यावर तापला की काय, याची चौकशी कुणीच केलेली दिसत नाही. मला याचा राग आलाय.

माकडताप गोचीड चावल्याने होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि तिथल्याच पाचोळ्यात राहतात. बिया वेचायला बायका वाकणार त्याच पाचोळ्यात. चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत सणकून ताप भरतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं.

दिवसभर बातम्या बघूनही तुमच्या पत्रात गोचिडीचा उल्लेख नाही. टीव्हीवरचा 'माकडतापाचा कहर' मात्र पोचला. अशा बातम्यांनी माणसं पळतात किंवा लपवतात. १९९४ च्या सुरतेच्या प्लेगात शेकडो मेल्याचं छापून आलं आणि लाखो लोक शहर सोडून गेले, खासगी डॉक्टरसुद्धा. मृत्यू निघाले पन्नासच्या आसपास. तुमच्या घराने पळायची तयारी केलीय आणि लपवूनही झालंय. चॅनेलवाल्यांवर मी चिडलेच आहे, पण माकड त्यांनी पुरलेलं नाही.

आज दिवेलागणीच्या आत गड्याच्या घरी जा. यजमानांना विचारत बसू नका. नुसती कणकण असली तरी त्याला गाडीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, रक्त तपासायला लावा. ताप नसला तरी तुम्ही तिथे जाच आणि माकड कुठे पडलं होतं, कुठे पुरलं, सगळं सांगून टाका. ते येऊन पावडर मारतील, अंगाला लावायला तेल देतील. तोवर बागेत कुणाला पाऊल टाकू देऊ नका, आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी गड्याला आणि बायकांना तुम्ही द्या.