भरतीच्या दिवशीच विचारायचे प्रश्न

चि. यास अनेक आशीर्वाद.

बाबांना अतिदक्षता विभागात ठेवल्याचे काल कळले. औषधोपचारांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु समाजसेवा अधीक्षकाच्या नोकरीत नातेवाइकांचे जे हाल पाहिले, त्यांतील बरेचसे एकाच कारणाने होत. पैशांची जी चौकशी भरतीच्या दिवशी करायची, ती डिस्चार्जच्या दिवशी केली जाई.

म्हणून अनामत रकमेचा पुढचा हप्ता भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठ. आरोग्यमित्र म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य या सरकारी योजनेचा मदतनीस. योजनेच्या प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात तो असतो. आपली शिधापत्रिका पांढरी आहे म्हणून मागे फिरू नकोस. योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. मात्र रुग्णालय अंगीकृत आहे एवढ्याने भागत नाही. बाबांचा उपचार योजनेच्या यादीत आहे का, आणि त्या विभागासाठी हे रुग्णालय अंगीकृत आहे का, असे दोन्ही प्रश्न स्पष्ट विचार. उपचारांना पूर्वपरवानगी लागते. रुग्ण तातडीचा असेल तर ती दूरध्वनीवरूनही घेता येते आणि कागदपत्रे मागाहून देता येतात. भरतीच्या अर्जावरचे नाव आधार कार्डाशी आणि शिधापत्रिकेशी अक्षरन्‌अक्षर जुळते का, हे आजच पाहा. एखाद्या काना-मात्रेवरून माणसाचा उपचार खोळंबावा हे मला कधीच पटले नाही, पण खोळंबतो.

उपचार योजनेत बसत नसेल आणि रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल, तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेट. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. ‘खाट शिल्लक नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले, तर अर्ज लेखी देऊन पोच घे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी काकांना तहसील कार्यालयात आत्ताच पाठव.

कंपनीचा आरोग्यविमा असेल तर विमा कक्षाला लगेच कळव. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याच्या, विनंतीवर एका तासात, तर डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावलाच तर तो विमा कंपनीने सोसायचा असतो. हे तिथे आवाज न चढवता सांग. खिडकीपलीकडचा कारकून सहसा तुझ्याइतकाच थकलेला असतो.

आज रात्री शिधापत्रिकेचा आणि भरतीच्या अर्जाचा फोटो मला पाठव. नावांची जुळणी मीही करून पाहीन.

कळावे.