तरुण संघाला पोरं येत नाहीत, काय करू?

प्रश्न : ताई, सलाम. श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी तरुण संघ माझ्याकडे सोपवलाय. नाताळात कॅरोलला पोरं झुंडीनं येतात, पण बुधवारच्या वचन-अभ्यासाला तिघंचौघंच, तीही मोबाइलमध्ये. कुणी एमआयडीसीत पाळीवर जातो, कुणी पोलीस भरतीची तयारी करतो. माझं शिक्षण बारावी. यांना प्रभूचे शिष्य कसं घडवू?

उत्तर : सलाम, भाऊ. बुधवार बंद करू नका, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात प्रभूनं बारा जण नेमले, त्याचं पहिलं कारण काय दिलंय? त्यांनी आपल्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवणं त्यानंतर. बरोबर चालायला, जेवायला, होडीत बसायला पदवी लागत नाही.

त्या तिघाचौघांतले दोघं धरा. भरतीवाला पहाटे १६०० मीटरचा सराव करत असेल, तर मैदानावर जा. धावणं जमत नसेल तर घड्याळ धरून त्याची वेळ मोजा. पाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या आणि शेतावर किंवा बाजाराला जाताना त्याला सोबत न्या. उधारी कशी चुकती करता, घरी बायकोशी कसं बोलता, हे त्याला दिसू द्या.

मी नर्स होते. शिकाऊ मुली संध्याकाळी माझ्या खोलीवर भाकरी करायला यायच्या. भक्तीला गप्प बसणाऱ्या या मुली पीठ मळताना मनातलं विचारायच्या. वॉर्डात एक लहान पेशंट दगावला त्या रात्री एकीनं विचारलं, ‘सिस्टर, देव ऐकतो तरी का?’ मी तिला समजावत बसले नाही. आम्ही १३वं स्तोत्र वाचलं. ‘मला कुठवर विसरणार?’ असं दाविदानंच देवाला विचारलंय. तिला रडू आलं, मलाही. मग जेवलो.

पुढे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचंच पाहा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला. बोलणं काव्यावरून धर्माकडे वळलं आणि निघताना त्यानं नवा करार हाती दिला. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ला. मधल्या काळात वाचन चाललं होतं, मनात झगडा चालला होता. तुमच्या पोरांनाही तेवढा अवकाश द्या. शंका काढली म्हणून कुणाला बाजूला टाकू नका.

मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर आईवडिलांना सांगूनच भेटा, तेही चारचौघांच्या नजरेसमोर. विश्वासानं सांगितलेलं मंडळीच्या पंच कमिटीत बोलू नका. जिवाला धोका असेल, कुणी छळत असेल, तर मात्र गप्प राहू नका. लगेच मदत मिळवून द्या.

आणि भरतीची यादी लागेल त्या दिवशी त्याच्या घरी जा, नाव असो वा नसो. प्रार्थना करू का, असं आधी विचारा. नको म्हणाला तर चहा घ्या, बसा.