बोलका फोन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अंध आणि नजर अधू झालेल्या वाचकांनी व त्यांच्या घरच्यांनी स्मार्टफोनच्या रोजच्या वापराबद्दल पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांची नजर गेली. मुलाने त्यांच्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवर काय आहे ते बोलून सांगणारी सोय) चालू करून दिलं, पण ‘एक दाबायला जावं तर भलतंच उघडतं’ म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवलाय. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, सातारा

टॉकबॅक चालू झालं की बोटाचा अर्थ बदलतो, आणि नेमकं हेच शिकवायचं राहून जातं. बोट टेकवलं की बटण दाबलं जात नाही, फक्त त्याचं नाव ऐकू येतं. नाव ऐकल्यावर ते उघडायला दोनदा पटकन टिचकी मारायची, आणि ती त्याच बटणावर मारायची गरज नाही, स्क्रीनवर कुठेही चालते. तुमच्या यजमानांचा घोटाळा इथेच होत असणार. ते बटण पुन्हा शोधायला जात असतील, टिचकी सावकाश पडत असेल, मग फोनला वाटतं की बोट नुसतं फिरतंय, आणि निवड शेजारच्या बटणावर सरकते.

पहिला आठवडा बोट फिरवून शोधणं बंदच ठेवा. एका बोटाने उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची, आणि दोन टिचक्यांनी उघडणं. एवढ्या तीन क्रियांवर अख्खा फोन चालतो, थोडा हळू चालतो इतकंच. त्या बसल्या की दोन बोटांनी वर-खाली सरकवून यादी पुढे नेणं शिकवा. बडबड थांबवायला दोन बोटांची एक टिचकी पुरते. फोन वाजला की दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की कॉल उचलला जातो, तसंच केलं की बंद होतो. टॉकबॅक फार जुनं असेल तर हे चालत नाही, म्हणून प्ले स्टोअरवरून ते अद्ययावत करून घ्या. कॉल उचलता आला की अर्धी भीती जाते. आम्ही तर शिकवणी तिथूनच सुरू करतो.

आवाज मराठी हवा असेल तर सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ शोधा, गूगलचं इंजिन निवडा, भाषा मराठी करा आणि आवाजाची फाइल वायफायवर उतरवून घ्या. ती उतरवली नाही तर नेट गेल्यावर आवाज बदलतो किंवा बोलणं अडखळतं. वेग सुरुवातीला कमी ठेवा. टॉकबॅकच्या आवाजाची पातळी वेगळी असते. ते बोलत असतानाच आवाजाचं बटण दाबलं तर तीच वाढते, गप्प असताना दाबलं तर दुसरंच काही कमी-जास्त होतं. नक्षीचं लॉक काढून पिन किंवा बोटाचा ठसा ठेवा.

लिहिताना कीबोर्डवर बोट न उचलता फिरवायचं, हवं ते अक्षर ऐकू आलं की उचलायचं. मराठीसाठी माइकचं बटण सोयीचं आहे, पण माणसांची नावं आणि आकडे हमखास चुकतात, तेव्हा पाठवण्याआधी एकदा ऐकून घ्यावं.

मला नीट दिसतं. पण खिशात असताना माझा फोन आपोआप बोलायला लागला. आता लॉकही उघडत नाही. – एक वाचक, नाशिक

आवाज वाढवायचं आणि कमी करायचं ही दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबून धरा, टॉकबॅक बंद होईल. खिशात तशीच ती दाबली जाऊन चालू झालं असणार. तरीही बंद झालं नाही तर दोन बोटांनी वर सरकवा, पिनचा एकेक आकडा निवडून दोनदा टिचकी मारा आणि आत जाऊन सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमधून टॉकबॅक बंद करा. आयफोनवर हाच प्रकार बाजूचं बटण लागोपाठ तीनदा दाबल्याने होतो, जुन्या आयफोनवर होमचं बटण. घरात कुणी अंध व्यक्ती असेल तर हा शॉर्टकट काढून टाकू नका. फोनवर टॉकबॅक बंद पडलं तर ते स्वतः चालू करायचा त्यांचा तोच मार्ग असतो.

नोटा ओळखण्यासाठी कोणतं अ‍ॅप भरवशाचं? हाताने ओळखू म्हटलं तर सगळ्या सारख्याच लागतात. – एक वाचक, कोल्हापूर

तुमचा हात चुकत नाही, नोटाच तशा आहेत. नव्या मालिकेत १०० ची नोट १४२ मिलिमीटर लांब, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत उभं राहून बोटांनी मोजायचा! त्यात जुन्या नोटाही चलनात आहेत, आणि जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर, म्हणजे नव्या पाचशेपेक्षा लांब. जुनी दहाची १३७ आणि नवी पन्नासची १३५. नुसत्या लांबीवर गेलात की फसलात.

कोऱ्या नोटेवर दोन्ही बाजूंच्या कडांना उठावदार तिरक्या रेषा लागतात. शंभरावर चार, दोनशेवर चार आणि त्यांच्या मध्ये दोन वर्तुळं, पाचशेवर पाच. पण नोट वापरून मऊ झाली की हा उठाव जातो, आणि बाजारात हातात येतात त्या बहुतेक मऊच.

रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अ‍ॅप १ जानेवारी २०२० ला आलं. ते फुकट आहे, एकदा उतरवलं की नेट लागत नाही, मराठीतही बोलतं आणि अर्धी दुमडलेली नोटही ओळखतं. नोट टेबलावर किंवा तळहातावर सपाट धरा, फोन तिच्यावर टेकवा आणि वीतभर वर न्या. एका वेळी एकच नोट. कॅमेऱ्यावर बोट येतं का ते बघा, न ओळखण्याचं निम्म्या वेळा कारण तेच असतं. अ‍ॅप नोटेची किंमत सांगतं, नोट खरी की खोटी हे सांगत नाही. गूगलच्या लुकआउट अ‍ॅपमध्येही रुपये ओळखायची सोय आहे.

दुकानात प्रत्येक नोटेवर फोन धरणं शक्य नसतं. घरी एकदा ओळखून मग खिसे वाटून घ्या : पाचशे आतल्या खिशात उभ्या घडीच्या, दोनशे आडव्या घडीच्या, शंभर सरळ. सुटे परत मिळाले की ते वेगळ्या खिशात टाकायचे आणि घरी येऊन लावायचे. नाण्यांना अ‍ॅप लागत नाही. २० चं नाणं बारा कोनी आहे, कडेवर नख फिरवलं की कळतं.

यूपीआयचा पिन टाकताना फोन आकडे मोठ्याने बोलतो. शेजारी उभा माणूस ऐकेल ही धास्ती वाटते. शिवाय क्यूआर कोड लवकर सापडत नाही. – एक वाचक, पुणे

धास्ती रास्त आहे. एका कानात इअरफोन घाला, दुसरा कान मोकळा ठेवा. मग तीन बोटांची टिचकी मारून टॉकबॅकचा मेनू उघडा आणि ‘स्क्रीन लपवा’ हा पर्याय निवडा. स्क्रीन काळी होते, फोन नेहमीसारखा चालतो. शेजाऱ्याला तुमचं बोट हलताना दिसेल, पण त्याखाली कोणता आकडा आहे ते दिसणार नाही. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टिचकी मारली की स्क्रीनवर पडदा पडतो. चहा-भाजीसारख्या लहान रकमांना यूपीआय लाइट घ्या. त्यात ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंतच्या व्यवहाराला पिनच लागत नाही.

क्यूआरसाठी दुकानदाराकडून पाटी हातात मागून घ्या. कॅमेरा पाटीच्या मधोमध टेकवा, फोन पाटीला समांतर ठेवून हळूहळू वीतभर वर न्या, आणि कोड पकडला गेला की हात थांबवा. पाटीवर प्लॅस्टिक असेल तर वरच्या दिव्याचा प्रकाश उलटून येतो, पाटी किंचित तिरकी केली की काम होतं. तरी जमेना तर सरळ दुकानदाराचा मोबाइल नंबर विचारा. रक्कम टाकण्याआधी समोर आलेलं बँकेतलं नाव ऐका. पैसे गेले की दुकानातला डबा बोलतो, पण गर्दीत तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाची रक्कम सांगत असू शकतो, म्हणून आपल्या फोनवरचा निरोप धरा. ‘प्रलंबित’ ऐकू आलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका.

काही बँकांची अ‍ॅप टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर चालू दिसला की इशारा देतात किंवा उघडतच नाहीत, अशी तक्रार तीन पत्रांत होती. फसवणुकीची अ‍ॅप स्क्रीन वाचायला अ‍ॅक्सेसिबिलिटीचीच परवानगी वापरतात. म्हणून बँका सरसकट संशय घेतात आणि टॉकबॅकही त्यात भरडलं जातं. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत प्ले स्टोअरबाहेरून आलेलं काही चालू असेल तर आधी ते काढा. फक्त टॉकबॅक चालू असूनही अ‍ॅप अडवत असेल तर बँकेला लेखी कळवा, ही चूक त्यांची आहे. ‘आम्ही मदत करतो, स्क्रीन शेअर करा’ म्हणणाऱ्या फोनला मात्र कधीही हो म्हणू नका. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच तासात तक्रार नोंदवा.

औषधाच्या पट्टीवरची तारीख कोणत्याच अ‍ॅपला वाचता येत नाही. – एक वाचक, सोलापूर

चकचकीत फॉइलवर दाबून उठवलेली किंवा ठिपक्यांनी छापलेली तारीख कॅमेऱ्याला अक्षर म्हणून दिसतच नाही. फ्लॅश लावला की आणखी बिघडतं. फ्लॅश बंद करा, पट्टी खिडकीजवळ तिरकी धरा आणि हळू फिरवत राहा. नाव बहुधा वाचलं जातं, तारखेचं सांगता येत नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं नाव, बॅच आणि मुदत असते. तुमचं औषध त्यांत असेल तर कोड वाचणं तारीख वाचण्यापेक्षा सोपं. नसेल तर औषधं घेतानाच दुकानदाराला तारीख विचारा आणि फोनमध्ये बोलून नोंदवा. पट्टीच्या ज्या टोकाला तारीख आहे ते टोक त्याच्याकडूनच किंचित दुमडून घ्या आणि गोळ्या नेहमी दुसऱ्या टोकाकडून काढा, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते. डोस ठरवताना अ‍ॅपने वाचलेल्या मिलिग्रॅमवर एकट्यावर जाऊ नका. ‘५’ आणि ‘५०’ यांतलं शून्य चकाकीत हरवतं.

मराठी पत्र, सोसायटीची नोटीस, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी छापील चित्रं यांचं काय करावं? एआय सगळं वाचून दाखवतं म्हणतात. – एक वाचक, ठाणे

वाचतं, पण अडखळलं की कबूल करत नाही. साधं अक्षर ओळखणारं अ‍ॅप चुकलं तर विचित्र काहीतरी ऐकू येतं आणि चूक लगेच कळते. एआय मात्र गाळलेली जागा सफाईने भरून काढतं, वाक्य बरोबर लागतं आणि आकडा दुसराच असतो. म्हणून चित्र कसलं आहे, कपड्याचा रंग कोणता, डब्यात काय आहे, याला एआय उत्तम. नोटिशीतली तारीख आणि रक्कम यासाठी आधी गूगल लेन्समधून मजकूर जसाच्या तसा काढा, देवनागरी छपाई त्याला नीट येते. दोन वेगळे फोटो काढून आकडे जुळतात का ते ऐका.

फोटोची रीत : कागद टेबलावर, फोन कागदाच्या मध्यावर आडवा टेकवा, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवून सरळ फूटभर वर न्या. खोलीतला दिवा लागलेला आहे ना ते आधी तपासा. सगळेच अंध असलेल्या घरात हे हमखास राहतं आणि दोष अ‍ॅपला जातो. मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय कागदाची कुठली कड बाहेर राहिली ते सांगतं, त्यावर हाताचा सराव चांगला होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं चित्र ‘शेअर’ करून थेट अशा अ‍ॅपकडे पाठवता येतं.

जिवंत माणसाची नजर हवी असेल तर २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं बी माय आइज हे अ‍ॅप आहे. स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो, बोलायची भाषा निवडता येते. तो अनोळखी आहे हे लक्षात ठेवून आधार, एटीएम कार्ड, ओटीपी कॅमेऱ्यासमोर आणू नका.

खातं उघडताना अ‍ॅप ‘डोळे मिचकावा’ म्हणतं. माझे दोन्ही डोळे कृत्रिम आहेत. – एक वाचक, नागपूर

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं त्यात म्हटलं आणि २० निर्देश दिले. माणूस समोर आहे हे ताडण्यासाठी डोळे मिचकावण्याशिवाय दुसरा मार्ग असला पाहिजे, आणि सहीऐवजी अंगठा चालला पाहिजे, हे त्यात आहे. शाखेत जाऊन हा निकाल आणि तारीख लिहून अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही. तोंडी ‘सिस्टिम घेत नाही’ एवढ्यावर परत येऊ नका, तेच वाक्य लेखी मागा.

लोकलमध्ये कोणतं स्टेशन आलं ते अ‍ॅपवरून कळेल का? – एक वाचक, डोंबिवली

‘व्हेअर इज माय ट्रेन’ मोबाइलच्या टॉवरवरून जागा ताडतं, त्यामुळे नेट नसलं तरी चालतं. लांब पल्ल्याच्या गाडीत ते चांगलं काम देतं. लोकलची स्टेशनं जवळजवळ असल्याने टॉवरवर ते एखादं स्टेशन मागे-पुढे सांगतं. अ‍ॅपमध्ये जीपीएसचा पर्याय निवडा आणि खिडकीजवळ उभे राहा. उतरण्याचा निर्णय गाडीतल्या घोषणेवर किंवा शेजाऱ्याला विचारूनच घ्या. स्टेशनबाहेर नकाशा ‘तुम्ही पोहोचलात’ म्हणाला तरी दार दहा-पंधरा पावलं इकडेतिकडे किंवा रस्त्याच्या पलीकडे असू शकतं, आणि उघडं गटार त्याला माहीत नसतं. एका हातात पांढरी काठी राहू द्या. फोन खिशात आणि आवाज एकाच कानात.