‘कोरलाइन’ हा ॲनिमेशनपट आठ वर्षांच्या मुलीला दाखवावा का? कुणी अप्रतिम म्हणतं, कुणी म्हणतं मुलांच्या सिनेमात एवढी भीती कशाला

दाखवा, पण आधी तुम्ही स्वतः बघा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की ‘टिम बर्टनचा सिनेमा म्हणजे विचित्र असणारच, आणि शेवटी कॉम्प्युटरवर केलेलं कार्टूनच तर आहे’. स्टॉप-मोशनची, म्हणजे बाहुली किंचित हलवून एकेक फोटो (फ्रेम) काढत केलेल्या ॲनिमेशनची, आवड असलेल्या कुणालाही हे वाक्य झोंबतं. मलाही झोंबलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

टिम बर्टनचा या सिनेमाशी काडीचाही संबंध नाही. २००९ च्या ‘कोरलाइन’चा दिग्दर्शक हेन्री सेलिक. गोंधळ होतो तो १९९३ च्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मुळे. त्यात कथा आणि निर्मिती बर्टनची होती, पण दिग्दर्शन सेलिकचंच. पोस्टरवर बर्टनचं नाव मोठ्या अक्षरांत झळकलं आणि तेव्हापासून बाहुल्यांचा कुठलाही काळोखी सिनेमा लोक त्याच्या खात्यावर टाकतात. ‘कोरलाइन’ची मूळ गोष्ट नील गेमनची, २००२ ची छोटी कादंबरी. सिनेमा केला अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या लायका स्टुडिओने, आणि पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिलाच.

आता ‘कॉम्प्युटरवर केलेलं’. कॉम्प्युटर वापरलाय, पण पडद्यावर जी कोरलाइन चालते ती साडेनऊ इंचांच्या आसपास उंचीची खरीखुरी बाहुली आहे. आत धातूचा सांध्यांचा सांगाडा, अंगावर खरे शिवलेले कपडे. तिचा चांदण्यांचा स्वेटर आल्थिया क्रोम या विणकाम करणाऱ्या बाईंनी जवळपास केसाएवढ्या बारीक सुयांवर हाताने विणला. एकाच वेळी अनेक सेटवर काम चालायचं, म्हणून एकट्या कोरलाइनच्या २८ बाहुल्या होत्या. बागेतल्या झाडांवरचा गुलाबी मोहोर म्हणजे रंगवलेले पॉपकॉर्न, सुमारे अडीच लाख दाणे.

चेहरे बघा. भाव बदलायचा तर बाहुलीचा चेहराच काढून दुसरा लावायचा, ही पद्धत जुनी. ‘कोरलाइन’मध्ये हे चेहरे पहिल्यांदाच थ्रीडी प्रिंटरवर छापले, पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी. आकार कॉम्प्युटरवर घडवले आणि मग छापले. चेहऱ्याचे दोन भाग केले, कपाळ-भुवयांचा वरचा आणि तोंडाचा खालचा. कुठलाही वरचा भाग कुठल्याही खालच्या भागाला जोडता येतो, त्यामुळे एकट्या कोरलाइनचे दोन लाखांहून जास्त भाव शक्य झाले. अडचण अशी की दोन भागांमधली फट डोळ्यांच्या रेषेत दिसते. ती प्रत्येक फ्रेममधून नंतर कॉम्प्युटरवर पुसावी लागली. शिवाय तेव्हाचा प्रिंटर रंगीत नव्हता, त्यामुळे छापलेला प्रत्येक चेहरा हाताने रंगवायचा. गालावरचा एक ठिपका चुकीच्या जागी पडला, की पुढच्या फ्रेमला तो उडी मारताना दिसणार. लायकाने रंगीत छपाई आणली ती पुढच्या, २०१२ च्या सिनेमात.

हे सगळं तुमच्या प्रश्नाच्या बाहेरचं वाटेल, पण भीती नेमकी इथूनच येते. गोष्ट थोडक्यात अशी. अकरा वर्षांची कोरलाइन एका जुन्या गुलाबी घरात राहायला येते. आईवडील कामात बुडालेले. दिवाणखान्यात वॉलपेपरखाली दडलेलं एक बुटकं दार सापडतं. दिवसा उघडलं तर पलीकडे विटा, रात्री उघडलं तर बोगदा आणि त्यापलीकडे हेच घर, पण झगमगीत. तिथे एक ‘दुसरी आई’ आहे. छान स्वयंपाक करते, लाड करते. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं आहेत, आणि कोरलाइनने कायमचं राहायचं तर तिच्याही डोळ्यांवर बटणं शिवायची.

स्टॉप-मोशनमध्ये बाहुलीला जीव येतो तो डोळ्यांमुळे. बुबुळ दोन फ्रेम आधी वळवायचं आणि मान मागून, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं हिने विचार केला. पापणी एकदा मिटली की वाटतं हिने ऐकलं. बटणाला बुबुळ नाही, पापणी नाही. ती कुठे बघतेय हे कळायला मार्गच नाही. ॲनिमेटरच्या हातात उरतात भुवया, ओठ आणि मानेचा कोन, म्हणून दुसऱ्या आईची मान नेहमी किंचित जास्त कलते आणि हसू किंचित जास्त वेळ टिकतं. काहीही वाईट घडत नसताना प्रेक्षकाला अस्वस्थ वाटतं ते यामुळे. ‘पहिल्या अर्ध्या तासात काहीच होत नाही, तरी मुलगी घाबरली’ अशी तक्रार पालक करतात, तेव्हा मुलीची नजर पक्की आहे असं समजावं.

आणखी एक गोष्ट, जी टीव्हीवर बघणाऱ्यांच्या हातून निसटते. हा सिनेमा पूर्णपणे त्रिमितीत चित्रित झालेला पूर्ण लांबीचा पहिला स्टॉप-मोशनपट. एक फोटो काढायचा, कॅमेरा रुळावर किंचित सरकवायचा, दुसऱ्या डोळ्यासाठी दुसरा फोटो काढायचा, आणि मगच बाहुलीला हात लावायचा. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे मिळून ४८ फोटो. सेलिक आणि छायालेखक पीट कोझाचिक यांनी खऱ्या घरातल्या खोल्या मुद्दाम उथळ बांधल्या, जमीन चढती ठेवली, रंग मळके. तीच खोली दुसऱ्या जगात खोल आणि प्रशस्त. चौकट तीच, पण आत श्वास घ्यायला जागा. कोरलाइनला तिथे जावंसं का वाटतं हे संवादातून सांगावंच लागत नाही. साध्या पडद्यावर हा फरक बराच सपाट होतो आणि रंगांवरच काम भागवावं लागतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सिनेमा पुन्हा थिएटरात आला, त्रिमितीतही. पुन्हा कधी तसा लागला तर घरी बघू नका, तिथे जा.

आता प्रेक्षकांच्या मतांकडे. ‘सुरुवात संथ आहे’ हे मला अजिबात पटत नाही. कंटाळा दाखवायचा तर तो बघणाऱ्यापर्यंत पोचायलाच हवा. ‘शेवटचा खेळ फार भराभर उरकतो’ हे मात्र खरं आहे. दुसरी आई खेळ लावते, तीन भुतांचे डोळे आणि हरवलेले आईवडील शोधायचे, आणि डोळे एकामागोमाग एक सापडत जातात. भोकाचा दगड डोळ्याला लावला की हवी ती वस्तू चमकते, त्यामुळे शोधाचा कस लागत नाही. पुस्तकात कोरलाइन जास्त एकटी आहे. सिनेमातला वायबी हा मुलगा पुस्तकात नाहीच. सेलिकने तो घातला, कारण कोरलाइनला सतत स्वतःशीच बोलायला लावणं पडद्यावर चाललं नसतं. कारण समजतं, पण शेवटी विहिरीजवळ तो मदतीला धावून येतो तिथे तिच्या धाडसातला वाटा कमी होतो. पुस्तकप्रेमींचा हा राग योग्य आहे.

‘ती शेवटी सुटतच नाही, मांजर खांबामागे गेलं आणि नाहीसं झालं हा त्याचा पुरावा’ ही इंटरनेटवरची लाडकी उपपत्ती. मला ती पोकळ वाटते. मांजर दोन्ही जगांत ये-जा करतं हे सिनेमाने आधीच दाखवलंय. शेवटी आईवडील मातीत हात घालून ट्युलिप लावताना दिसतात, तेच आईवडील जे बागकामाचा कॅटलॉग लिहितात पण बागेत पाऊल टाकत नव्हते. दुसऱ्या आईच्या बागेत सगळं आयतं फुललेलं असतं, कुणाला खपावं लागत नाही. म्हणजे शेवटची बाग खऱ्या जगातलीच.

‘खरे आईवडील फारच तुसडे दाखवलेत’ हे मतही वाचायला मिळतं, बहुतेक पालकांचंच. आईच्या मानेला पट्टा आहे, कामाची मुदत डोक्यावर आहे, फ्रीज रिकामा आहे. हे घर कुठल्याही शहरात सापडेल.

राहिला मुख्य आरोप, मुलांना घाबरवूच नये. हा वाद जुना आहे आणि मी त्यात ठामपणे एका बाजूला आहे. आपल्याकडे चिमणीच्या गोष्टीत कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवायचे. भोपळ्यातली म्हातारी जंगलातून निघते तेव्हा वाघ-कोल्हे तिला खायला टपलेले असतात, आणि ही गोष्ट आपण पाळण्यातल्या मुलांना सांगतो. धोका खरा असतो म्हणून ‘टुणुक टुणुक’ला मजा येते. ‘कोरलाइन’ही तोच करार पाळतो. मुलगी घाबरते, तरी परत त्या दारातून आत जाते, कारण आईवडील आत अडकलेत. ॲनिमेशन म्हणजे तीन वर्षांच्या मुलासमोर लावून आपण स्वयंपाकघरात जायचं, हा समज जितक्या लवकर मोडेल तितकं बरं. अमेरिकेत याला पीजी प्रमाणपत्र आहे, म्हणजे पालकांनी बघून ठरवावं. ऑस्करला नामांकन मिळालं, बक्षीस ‘अप’ने नेलं.

बघताना काय करायचं ते सांगतो. दुपारी बघा, झोपायच्या आधी नको. लांबी १०० मिनिटं आहे, एका बैठकीत संपवा. सर्वात मोठी चूक म्हणजे मूल घाबरलं की तिथेच बंद करणं. दुसरी आई कोरलाइनला आरशामागच्या खोलीत कोंडते, त्या दृश्यात सिनेमा बंद केला तर मुलीच्या डोक्यात कोरलाइन कायम तिथेच कोंडलेली राहते. थांबवायचंच असेल तर पुढे सरकवून शेवटची बागेतली मेजवानी दाखवा आणि मग बंद करा. आधी स्वतः बघाल तेव्हा या जागा हेरून ठेवा. साधारण मध्यावर जेवणाच्या टेबलावर भेटीचा डबा उघडतो, त्यात दोन काळी बटणं, दोरा आणि सुई, आणि दुसरा बाबा आनंदाने सांगतो की सुई इतकी टोकदार आहे की काही कळणारही नाही. मुलांच्या मनात पुढे राहतं ते हेच दृश्य, कारण सुई त्यांच्या ओळखीची आहे. मग दुसऱ्या वायबीचं टाके घालून ताणलेलं हसू. आणि शेवटी जमीन निसटून खोलीचं जाळं होतं, दुसरी आई कोळ्यासारखी सुयांच्या पायांवर चालते, तडकलेल्या चिनीमातीसारखा चेहरा घेऊन. तिथे आवाज थोडा कमी करा. ब्रुनो कुले यांच्या संगीतात मुलं अर्थ नसलेल्या शब्दांत गातात, आणि निम्मी भीती कानातून येते.

बघून झाल्यावर मुलीबरोबर दहा सेकंदांचं स्टॉप-मोशन करा. भीती उतरवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे १२० फोटो. मोबाइल स्टँडला घट्ट बसवा आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश दोन्ही लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येईल. पडदे ओढा, एकच दिवा ठेवा. ढग सरकले तरी चित्र लुकलुकतं. दिवा स्वतःच लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/२५ सेकंदाला ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ते जुळतं. पांढरा शर्ट घालून बाजूला उभे राहू नका, त्याचा उजेड बाहुलीवर पडतो. बाहुलीचे पाय ब्लू टॅकने (भिंतीवर चित्रं चिकटवायच्या, पुन्हा निघणाऱ्या मऊ गोळ्याने) टेबलाला चिकटवा, कारण ऐंशीव्या फोटोला ती पडली तर आधीची जागा परत सापडत नाही. स्वतः बाहुली करायची असेल तर दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घ्या. ती कोपरात आणि गुडघ्यात वाकवून वाकवून तुटते, म्हणून जास्तीचे हात आधीच करून ठेवा. कागदाची पाच तोंडं कापा, बंद, आ, ई, ऊ आणि हसरं. शेवटी डोळ्यांवर दोन काळी बटणं लावून तीच हालचाल पुन्हा करा. बटणं आपल्याच हाताने लावली की मुलीला कळतं भीती कशाची वाटत होती.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तळघरात राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या नट्यांच्या नाटकात कपडे अगदी तोकडे आहेत. आजी-आजोबांबरोबर बघणार असाल तर ते लक्षात असू द्या. मुलीचं डोळ्यांचं किंवा टाक्यांचं काही नुकतंच झालं असेल, घर बदललं असेल, किंवा घरात आईबाबांची ताटातूट चालू असेल, तर सहा महिने थांबा. आणि घरात चार-पाच वर्षांचं धाकटं भावंडं असेल तर त्याला बरोबर बसवू नका. शीर्षकांमध्येच सुयांचे धातूचे हात एका बाहुलीची शिवण उसवतात, आतलं सगळं उपसून काढतात, तिला उलटी करतात, पुन्हा भरून नवी बटणं शिवतात. आठ वर्षांची मुलगी ते डोळे विस्फारून बघेल. पाच वर्षांचं मूल आपल्या बाहुलीजवळ झोपायला नको म्हणेल.