‘नाणी वाचून घर चालेल का हो?’

“मॅडम, आमच्या तीन पिढ्यांचं घर चांदी वितळवून चाललं. ही म्हणते, मी चांदीवरची अक्षरं वाचून चालवीन. चालेल का हो?”

नाशिकच्या सराफ बाजारात पेढी असलेल्या एका वडिलांनी आमच्याकडे करिअर समुपदेशनाला आल्यावर विचारलेला हा प्रश्न. सोबत मुलगी, एस.वाय.बी.ए.ला, विषय इतिहास. मध्ययुगीन नाण्यांचा अभ्यास हेच करिअर करायचं, हे तिनं दिवाळीत घरात जाहीर केलं आणि तेव्हापासून जेवणाच्या ताटावर दुसरा विषय नव्हता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण मोडी, शिलालेख, हस्तलिखितं अशा कुठल्याही आडवाटेला लागलेल्या मुलांच्या घरी तो जवळपास याच शब्दांत विचारला जातो.

पहिल्या भेटीत बापलेकीला वेगवेगळं बसवलं. वडिलांचं म्हणणं होतं, “छंद म्हणून करू दे, हवी तेवढी नाणी मी घेऊन देतो.” मुलीजवळ दोनशे नाण्यांचा अल्बम होता. ‘यातली कुठल्या टांकसाळीची?’ या प्रश्नाला तिचं उत्तर आलं, “मध्ययुगीन आहेत.” फारसी येत नव्हती, मोडी थोडी थोडी. म्हणजे ‘नाणी’ हा एकच शब्द घेऊन दोघं दोन गोष्टींवर भांडत होते. नाणी साठवणं, नाणी विकणं आणि नाण्यांचा अभ्यास करणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात येतो. तिसऱ्यात येतो तो नाण्याचा नसतो. इतिहासाच्या प्राध्यापकाचा, संग्रहालयातल्या अभिरक्षकाचा (क्युरेटरचा) किंवा शिलालेख वाचणाऱ्या पुरालेखतज्ज्ञाचा पगार असतो. ‘नाणकशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात शोधत बसलं तर वर्षानुवर्षं काही सापडणार नाही. हे ऐकून वडिलांना ‘मग मी काय म्हणत होतो!’ असं झालं आणि मुलीचा चेहरा उतरला. दोघांचीही घाई होत होती.

अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे दोघांना एकत्र बसवून एका रुपयावरून समजावलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला चांदीचा रुपया घ्या. त्यावर फारसीत बादशहा शाह आलमचं नाव. नवशिका तो मुघल म्हणून बाजूला ठेवतो आणि तिथेच फसतो, कारण मराठ्यांच्या टांकसाळी बादशहाच्याच नावानं रुपये पाडत होत्या. खरी ओळख टांकसाळीच्या नावात आणि बारीक चिन्हांत असते. खुद्द नाशिक नाण्यांवर ‘गुलशनाबाद’ म्हणून येतं आणि चांदवड ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ म्हणून. अडचण अशी की ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे एका नाण्यावर मजकुराचा तुकडाच उतरतो आणि नेमकं टांकसाळीचं नाव कडेबाहेर जातं. मग एकाच प्रकारची आठ-दहा नाणी शेजारी मांडायची, प्रत्येकावरचा तुकडा टिपायचा आणि पूर्ण ओळ जुळवायची.

तारखेचंही तसंच. रुपयावर हिजरी सन असतो आणि बादशहाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष, म्हणजे जुलूस, तेही असतं. हिजरी सनाला 0.97 नं गुणून 622 मिळवले की इसवी सन अंदाजे हाती येतो. हिजरी 1085 म्हणजे 1674च्या आसपास. शाह आलम गादीवर आला हिजरी 1173 मध्ये. म्हणजे जुलूस 23 असेल तर सन 1195च्या जवळ हवा. दोन्ही आकडे जुळत नसतील तर एक तर वाचन चुकलंय, नाही तर टांकसाळीनं जुना ठसा तसाच चालू ठेवलाय, नाही तर नाणं खोटं आहे. तिन्ही शक्यता तपासायच्या. यात फारसी शोभेपुरती नसते, तिच्याशिवाय पाऊलच पडत नाही. मुघल आणि सल्तनतीच्या नाण्यांना फारसी-अरबी, मराठ्यांच्या टांकसाळींची कागदपत्रं वाचायला मोडी, यादवांच्या पद्मटंकांना, म्हणजे कमळछाप सोन्याच्या नाण्यांना, जुनी नागरी-कानडी अक्षरं. एवढं सगळं एकीला जमत नाही, म्हणून कालखंड लवकर ठरवावा लागतो.

वडील इथे पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे हे आमच्यासारखंच. शिक्का बघायचा, वजन बघायचं, कस बघायचा.” अगदी. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे माणूस. त्यांनी प्राचीन आहत (चिन्हांचे ठसे मारलेली) नाणी हजारोंनी तोलली आणि वापरानं होणाऱ्या झिजेतून नाणी किती काळ फिरली याचा हिशेब मांडला. झीज म्हणजे काय हे सराफाला सांगावं लागत नाही. या घरात 0.01 ग्रॅमपर्यंत अचूक काटा आधीपासून आहे, ही बाब कित्येक एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी हेवा करावा अशी.

आता पैशाचं. मुलगी एकोणीस वर्षांची. बी.ए. संपायला दीड वर्ष, पुढे एम.ए. दोन वर्षं. इतिहास, पुरातत्त्व किंवा प्राचीन भारतीय संस्कृती यांपैकी काहीही चालेल. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी आहेच. मुंबईत दिनेश मोदी संस्थेत नाणकशास्त्र हाच विषय आहे. त्या वर्षी प्रवेश कशाला सुरू आहेत ते मात्र फोन करून विचारावं, ऐकीव माहितीवर राहू नये. मग नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, अधिक घरभाडं. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं लागतात. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700. हा झाला सरळ रस्ता. तो सरळ जात नाही, हेही त्याच बैठकीत सांगितलं. जेआरएफ हुकली तर पीएच.डी.ची वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत काढावी लागतात आणि त्या पैशात पुण्यात खोली परवडत नाही. संग्रहालयातल्या जागा मोजक्या असतात आणि कधी निघतील याचा भरवसा नसतो. म्हणून कागदावर एक अट ठरवली: एम.ए.नंतर नेटचे चार प्रयत्न, आणि तोवर जेआरएफ नाही तर बी.एड. किंवा संग्रहालयशास्त्राचा अभ्यासक्रम. अट मुलीनं स्वतः लिहायची, वडिलांनी नाही. वडिलांनी लिहिलेली अट मुलं मोडण्यासाठीच पाळतात.

फारसी आली की आणखी एक दार उघडतं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी पुरालेखांची शाखा नागपूरला आहे. नाणी वाचायला शिकलेला डोळा शिलालेखांवरही चालतो. परदेशाचं उदाहरण मुलीनंच काढलं. मुंबईत शिकलेले शैलेंद्र भांडारे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात नाण्यांचे अभिरक्षक आहेत. उदाहरण खरं आहे, पण त्यावरून घराचा हिशेब मांडू नये. एक माणूस तिथे पोचला म्हणजे तो रस्ता झाला असं नाही.

निर्णय त्या दिवशी घेऊ दिला नाही. सहा आठवड्यांचं काम दिलं. पेढीवर मोडीत (वितळवायला) आलेल्या तांब्याच्या तीस शिवराया घ्यायच्या आणि तक्ता करायचा: क्रमांक, वजन दोन दशांशांपर्यंत, व्यास दोन ठिकाणी, जाडी, ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ या अक्षरांची वळणं, कडेचे ठिपके, आणि ठशांची दिशा. दिशा बघायची रीत सोपी आहे. पुढची बाजू सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवायचं, म्हणजे पान उलटल्यासारखं, आणि मागच्या बाजूचा माथा घड्याळाच्या कितीच्या काट्यावर येतो ते लिहायचं. फोटो दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी, उजेड एका कडेनं तिरपा. फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात. शेवटचा रकाना: कुठे मिळालं.

दुसऱ्या भेटीला ती तीसऐवजी चोवीस नाण्यांचा तक्ता घेऊन आली. बाकी सहा आजीनं चिंचेत घालून लख्ख करून दिली होती. प्रेमानंच, पण त्या सहांवरचा शतकांचा थर गेला आणि वजनही थोडं उतरलं, म्हणजे झिजेच्या हिशेबातून ती बाद. तांब्याचं नाणं चिंच, लिंबू, भांड्याची पावडर यांपैकी कशानंही घासायचं नसतं. माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं काढायची आणि नीट वाळवायचं. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्लोराइडचा रोग. ते नाणं वेगळ्या डबीत सिलिका जेल घालून ठेवायचं आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवायचं. तिचा अल्बमही बदलायला सांगितला, कारण मऊ पीव्हीसीचे खिसे काही वर्षांत चिकट होतात आणि धातू खातात.

वडिलांनी मदत म्हणून एक रुपया कसोटीच्या दगडावर ओढला होता. सराफाचा हात, सवयच ती. नाण्याच्या कडेला कायमचा ओरखडा. त्याऐवजी पाण्यातलं वजन घ्यायचं: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात लोंबतं सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागायचं. 11.45 ग्रॅमचा चांगल्या चांदीचा रुपया साधारण 1.10 दाखवतो, म्हणजे भागाकार 10.4. तोच आकडा 1.25च्या घरात गेला तर भागाकार 9.2वर येतो आणि चांदीत बरंच दुसरं काही आहे. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून आधी बोटानं हलकेच झटकायचं. ओतीव नकलेच्या कडेला साच्याची रेघ दिसते आणि भिंगाखाली अंगावर बारीक खड्डे. हे सगळं वडिलांनी पेढीवरच्या हिशेबाच्या वहीत उतरवून घेतलं.

चोवीस शिवरायांतून तिला एक गोष्ट स्वतःहून दिसली: वजनं एका जागी जमत नाहीत, विखुरतात, आणि अक्षरांची वळणंही. “म्हणजे ही सगळी महाराजांच्या काळातली नाहीत?” नाहीतच. शिवराई शिवाजी महाराजांनंतरही कितीतरी काळ पाडली गेली आणि चालली. दोन रेघांची दुदांडी शिवराई तर नंतरचीच. हा प्रश्न तिला तक्त्यानं पाडला, व्हिडिओनं नाही. नाद आणि काम यांतला फरक ओळखायला आम्हाला एवढं पुरतं. चाळिसाव्या वजनाला कंटाळा येऊनही एकेचाळिसावं नीट लिहिणारी व्यक्ती या कामाची असते.

खरी गाठ शेवटच्या मुद्द्यावर बसली. वडील अजूनही म्हणत होते, “पेढीवर येणारी नाणी मी हिच्यासाठी घेत जातो.” आधी कायदा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. 1972च्या कायद्यानुसार त्याचा विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेला ऐवज असेल तर 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो; लपवला तर कैद होऊ शकते. आणि कायद्याच्या पलीकडचं: जिच्या घरात नाण्यांची खरेदी-विक्री चालते, तिनं ‘हे नाणं दुर्मीळ’ असं लिहिलं तर कोण विश्वास ठेवील? लिलावगृहांसाठी सूची करून पैसे मिळतात, पण तिथेही हीच कात्री आहे. अभ्यासकाला मोठे संग्रह बघायला मिळतात ते विश्वासावर. म्हणून पेढी आणि अभ्यास यांत सुरुवातीपासून भिंत हवी. स्वतःच्या संग्रहाची तिला गरजही नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, 1980ची. मराठ्यांच्या टांकसाळींवरचं माहेश्वरी आणि विगिन्स यांचं 1989चं पुस्तक तिथूनच निघालं. शहरात 1840चं सार्वजनिक वाचनालय आहे.

वडिलांना भिंत पटली, पण ‘मोडीत आलेलं एक नाणं वितळलं तर इतिहासाचं काय बिघडतं’ हे पटत नव्हतं. त्यांना जोगळटेंभीचं सांगितलं. याच जिल्ह्यात 1906 मध्ये चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. कुणी कुणाला हरवलं हे त्या साठ्यानं सांगितलं, तेही तो एका जागी, एकत्र मोजला गेला म्हणून. मध्ययुगाचंही उदाहरण घरापाशीच आहे. कलचुरी कृष्णराजाची ‘रूपक’ नावाची चांदीची छोटी नाणी सहाव्या शतकातली. अंजनेरीच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटात त्यांचा उल्लेख येतो. म्हणजे राजा जाऊन दीडशे वर्षं झाली तरी लोक त्याच्या नाण्याच्या नावानं हिशेब करत होते.

तिसऱ्या भेटीत ती तक्ता पूर्ण करून आली, सहा नवी नाणी धरून तीस. फारसीच्या वर्गाची चौकशी झाली होती, एम.ए.साठी पुणे ठरत होतं. शेवटचा रकाना मात्र सव्वीस ठिकाणी कोरा होता. वडिलांना फक्त चार गिऱ्हाइकांची गावं आठवली: दोन सिन्नरकडची, एक निफाडचं, एक चांदवडचं. आता मोडीत जुनं नाणं आलं की ते काट्यावर ठेवण्याआधी विचारतात, “गाव कोणतं, आणि हे घरातलं की शेतातलं?” शेतातलं म्हटलं की नाणं परत गिऱ्हाइकाच्या हातात आणि तहसील कचेरीचा पत्ता.